दोन किलोचं दळण

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. शनिवारी सकाळी तिथे डब्यांची रांग लागते. कुणाच्या झाकणावर ऑइलपेंटने आडनाव घातलेलं, कुणाच्या कडीला ओळखीसाठी लाल चिंधी बांधलेली. बहुतेक डबे पत्र्याचे, दहा-बारा किलोंचे. माझा स्टीलचा, दोन किलोचा. दोन मोठ्या डब्यांच्या मध्ये तो पटकन लक्षातही येत नाही, आणि घाईत असलेलं कुणीतरी आपला डबा त्याच्या पुढे सरकवून जातं.

गिरणीवाले दादा सज्जन आहेत. त्यांनीच एकदा मला नीट समजावून सांगितलं. दळण संपलं तरी जात्यात आणि खाली लावलेल्या कापडात थोडं पीठ राहतंच. ते पुढच्याच्या दळणात उतरतं. पुढचं दळण दहा किलोंचं असेल तर त्या मूठ-दोन मुठींनी काही बिघडत नाही. माझ्या दोन किलोंत मात्र ते लगेच दिसतं. आधी कुणाची बाजरी दळली गेली असेल तर माझ्या पोळ्या काळपट होतात आणि लाटताना कडेला फाटतात. हरभऱ्याची डाळ असेल तर पिवळट आणि कडक. म्हणून दादा म्हणतात, "ताई, गव्हाच्या मागे लावतो तुमचा डबा, थोडं थांबा." मी थांबते. कधी अर्धा तास, कधी त्याहून जास्त. आणि दळणावळ द्यायची वेळ आली की पाच किलोंच्या आतल्या दळणाला पाच किलोंचेच पैसे, असा गिरणीचा नियम आहे. यात दादांचा काही दोष नाही. दळण केवढंही असो, मोटर तेवढीच सुरू करावी लागते.

दहा किलो एकदम का दळून आणत नाहीस, असं मला बऱ्याच जणींनी विचारलं आहे. दिवसाला तीन पोळ्या, या हिशोबाने दोन किलो पीठ मला तीन-साडेतीन आठवडे पुरतं. दहा किलो चार महिने पडून राहील. पावसाळ्यात पीठ आधी वास धरतं, मग त्याला जाळी होते, मग अळ्या. एकदा मी सहा किलो पीठ टाकून दिलं आहे. अन्न पानात टाकायचं नाही अशा घरात वाढलेल्या बाईला डबाभर पीठ टाकताना काय होतं, ते ज्यांनी टाकलं आहे त्यांना माहीत आहे.

नाशिकमध्ये मी गेली अकरा वर्षं एकटी राहते. सातपूरच्या एका कारखान्यात हिशोबाचं काम करते, त्यामुळे घरच्या खर्चाची वही लिहायची सवय आहे. आणि या अकरा वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य आहे, "तुला काय गं खर्च? एकटीच तर आहेस." हे म्हणणारी माणसं माझी आहेत, प्रेमाची आहेत. त्यांच्या मनात साधा भागाकार असतो. चार माणसांच्या घराला चाळीस हजार लागतात, तर एका माणसाला दहा लागणार. माझी वही सांगते की हा भागाकार चुकीचा आहे, आणि तो कुठे चुकतो ते मला एकदा सविस्तर लिहायचं होतं.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करते, कारण तिथे तो रोज चुकतो. भद्रकालीच्या बाजारात मी वांगी घ्यायला उभी राहते. पाव किलो वीस रुपये, किलो साठ. म्हणजे मी पाव किलो घेते तेव्हा माझा किलोचा भाव ऐंशी होतो. ज्या भाजीचे वाटे लावलेले असतात तिचा अर्धा वाटा मिळत नाही. कोबीचा गड्डा अख्खा, फ्लॉवर अख्खा, मेथीची जुडी अख्खी. निवडलेली अर्धी मेथी फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मेथीच खाते, कारण चौथ्या दिवशी ती पिवळी पडलेली असते. एका माणसाच्या भाजीलाही कढई तापायला तेवढाच गॅस लागतो. फोडणीचं तेल तर भाजीच्या मापाने कमी होतच नाही. कढईचा तळ भिजेल एवढं ते घालावंच लागतं.

आणि नारळ. अर्धा नारळ कुणी विकत नाही. शुक्रवारी फोडला की एका वाटीतलं थोडं खोबरं त्या दिवशीच्या उसळीत जातं. दुसरी वाटी फ्रिजमध्ये. पहिल्या दिवशी ती कोरडी आणि पांढरीशुभ्र असते. दुसऱ्या दिवशी कड जरा पिवळसर दिसते. तिसऱ्या दिवशी बोट लावलं तर बोटाला बुळबुळीत लागतं, आणि वासावरून कळतं की आता धुऊनही उपयोग नाही. अलीकडे मी फोडल्या फोडल्या सगळं खोवून छोट्या छोट्या डब्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवते. म्हणजे एका चमचाभर खोबऱ्यासाठी मला एकाच बैठकीत अख्खा नारळ खोवत बसावं लागतं. ओल्या खोबऱ्याची ती गोडी बर्फातून काढलेल्या खोबऱ्याला नसते, पण टाकण्यापेक्षा ते बरं.

पुरणपोळीचंही तसंच. एक वाटी डाळीचं पुरण शिजवायचं, वाटायचं, कणीक तिंबायची, आणि शेवटी तेवढीच भांडी घासायला पडतात. होळीला मी ती करतेच. विकतची दोन आणून भागवावं असं दरवर्षी कुणीतरी सुचवतं, पण सणाच्या दिवशी माझ्या घरातून वेलदोड्या-जायफळाचा वास यायला हवा, असं मला वाटतं.

अर्थशास्त्रवाल्यांनी या सगळ्याचा विचार केलेला आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. वेगवेगळ्या आकाराच्या कुटुंबांच्या राहणीमानाची तुलना करायला ते एक माप वापरतात. ओईसीडी या संघटनेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मापात घरातल्या पहिल्या मोठ्या माणसाला १ धरतात, पुढच्या प्रत्येक मोठ्या माणसाला ०.५ आणि लहान मुलाला ०.३. म्हणजे नवराबायकोच्या घराला एकट्याच्या दुप्पट नाही, दीडपट लागतं. नवराबायको आणि दोन मुलं असतील तर २.१. सोप्या शब्दांत सांगायचं तर एकट्या माणसाला तीस हजारांत जसं राहता येतं, तसं राहायला जोडप्याला साठ हजार नको असतात, पंचेचाळीस पुरतात. दर माणशी साडेबावीस. मधले साडेसात हजार हा एकटं असण्याचा खर्च. हे वाचलं त्या रात्री मला फार बरं वाटलं होतं. वर्षानुवर्षं वहीत दिसत असलेली गोष्ट माझ्या उधळेपणाची नव्हती.

विजेचं बिल घ्या. महाराष्ट्रात पहिल्या शंभर युनिटांचा दर सगळ्यात कमी आहे, आणि माझी युनिटं पन्नाशीच्या पुढे क्वचित जातात. त्याचा फायदा मला मिळतो, तो मी नाकारत नाही. पण स्थिर आकार नावाची एक ओळ बिलात असते. एकशे तीस रुपयांच्या आसपास. दिवा लावा न लावा, ती असतेच. शेजारच्या पाच माणसांच्या घरात ही ओळ त्यांच्या बिलाच्या कोपऱ्यात हरवून जाते. माझ्या बिलाचा तो जवळजवळ चौथा हिस्सा असतो. वर १६ टक्के वीज शुल्क. फ्रिज माझ्या एका वाटी आमटीसाठीही चोवीस तास चालतो.

सोसायटीचा देखभाल खर्चही असाच. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सेवा शुल्क सगळ्या सदनिकांवर सारखं वाटलं जातं. पाण्याचा आकार नळांवर ठरतो, घरात किती जण अंघोळ करतात त्यावर नाही. वॉचमन, जिन्यातला दिवा, लिफ्ट, झाडलोट, सगळं घरामागे. मी सभेत याविरुद्ध कधी बोलले नाही आणि बोलणारही नाही. वॉचमन माझंही दार राखतो, आणि रात्री उशिरा येते तेव्हा त्याची मला इतरांपेक्षा जास्त गरज असते. इंग्लंडमध्ये घरात एकच मोठं माणूस राहत असेल तर कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे तिथल्या घरपट्टीत, २५ टक्के सूट मिळते, असं वाचलं तेव्हा मात्र हेवा वाटला. पैशाचा कमी, आणि तिथल्या कायद्याने एकट्या माणसाला एक वेगळं मोजमाप आहे हे मान्य केलं, याचा जास्त.

आपल्याकडे दोन शब्द आहेत, घरटी आणि माणशी. गणपतीची वर्गणी घरटी असते. सोसायटीचा रंगकामाचा खर्च घरटी असतो. आणि जेवणावळीत लाडू माणशी असतात. मला या दोन शब्दांमधलं माझं ठिकाण गावच्या घरामुळे कळलं. सिन्नर तालुक्यात आमचं जुनं घर आहे. चार वर्षांपूर्वी त्याचे पत्रे बदलायचे ठरले. भाऊ म्हणाला, आपण दोन घरं आहोत, निम्मे निम्मे करू. ते रास्त होतं, मी लगेच पैसे दिले. त्याच उन्हाळ्यात शेतातला गहू वाटायचा होता. भावाच्या ओट्यावर पोती रचलेली होती. वहिनीने माझ्यासाठी एका पिशवीत वीस किलो गहू काढून ठेवला होता, पिशवीचं तोंड सुतळीने नीट शिवून. "तुला एकटीला किती लागतो," ती म्हणाली. खरंच होतं ते. वीस किलोंपेक्षा जास्त मी साठवूही शकले नसते. मी पिशवी रिक्षात ठेवली आणि बस स्टँडपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. द्यायच्या वेळी मी एक घर होते, घ्यायच्या वेळी एक माणूस.

त्यानंतर मला हे सगळीकडे दिसायला लागलं. लग्नाचा आहेर घरटी असतो. कारखान्यातल्या सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात माझ्या पाकिटात एक हजार एक रुपये असतात आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या पाच माणसांच्या कुटुंबाच्या पाकिटातही तेवढेच. आहेर हा फिरता व्यवहार आहे. आपल्या घरांमध्ये कुणी काय दिलं याच्या वह्या जपून ठेवलेल्या असतात, आणि कार्य निघालं की ते परत येतं. माझ्या घरात मुंज नाही, बारसं नाही, लग्न नाही. अकरा वर्षांतला माझ्या वहीतला आहेराचा आकडा मी एकदा बेरीज करून पाहिला आणि वही मिटून ठेवली. मला लग्नांना जायला आवडतं. नवी नवरी स्टेजवर येते तेव्हा माझे डोळे भरून येतात. देण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. "तुला काय खर्च" म्हणण्याआधी ही ओळही मोजली जावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

माझ्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी पंचवटीत एका खोलीत राहतात. नवरा वारला, मुलगी लांब दिली. त्यांच्याकडे प्राधान्य कुटुंबाचं रेशनकार्ड आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, घरात कितीही माणसं असोत. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो. म्हणजे मावशींना पाच किलो. धान्य आता फुकट मिळतं, पण रेशनच्या दुकानापर्यंतची रिक्षा पाच किलोंनाही तेवढीच आणि पंचवीस किलोंनाही तेवढीच. खोलीचं भाडं शेजारच्या सहा माणसांच्या खोलीएवढंच. ज्या दिवशी धान्य येतं त्या दिवशी एक काम बुडवावं लागतं, कारण पाठवायला दुसरं कुणी नाही. माझ्या नारळाचं आणि दळणाचं दुःख मावशींपुढे काहीच नाही, हे मला माहीत आहे. पण दुखणं दोघींचं एकाच जातीचं आहे, आणि एकटेपणाचा खर्च ज्यांना सगळ्यात कमी परवडतो त्यांच्यावरच तो सगळ्यात जड पडतो.

घर घेण्याची गोष्ट मी थोडक्यात सांगते, कारण ती आठवली की अजून त्रास होतो. आधी काही वर्षं भाड्याच्या घरांत काढली. तीन घरं बदलली. दर अकरा महिन्यांनी करार, नोंदणी, एजंटचे पैसे, आणि प्रत्येक घरमालकाचा पहिला प्रश्न, "अजून कोण कोण राहणार?" एकीने तर भावाचं हमीपत्र मागितलं. माझं वय तेव्हा चाळीस होतं. मग हा वन बीएचके घेतला. कर्ज एका पगारावर जेवढं मिळतं तेवढंच मिळालं, म्हणून बाजारापासून लांब आणि तिसऱ्या मजल्यावर. ऑफिसातल्या जोडप्यांची प्राप्तिकराची विवरणपत्रं मीच भरून देते. जुन्या कररचनेत राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट माणशी दोन लाखांपर्यंत मिळते. दोघांच्या नावावर घर आणि कर्ज असेल तर दोघांची मिळून चार लाख. हप्ता घरटी, वजावट माणशी. बायकांच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मिळायला लागली. मला ती मिळाली नाही, पण माझ्यानंतर घर घेणाऱ्या एकट्या मुलींना मिळते आहे, याचं मला मनापासून समाधान आहे.

पैशाचं झालं. पण वहीत न येणारा खर्च वेळेचा असतो, आणि तो मला जास्त जड जातो.

"घरी कोणी आहे का?" हा प्रश्न फोनवर आला की माझ्या पोटात गोळा येतो. गॅसवाला, प्लंबर, वॉशिंग मशीनवाला, पाण्याची टाकी साफ करणारे, कुरिअर. सगळे दहा ते पाच या वेळात येतात आणि त्या वेळात माझ्या घरी कोणी नसतं, कारण ते कोणी मीच आहे. गेल्या वर्षीच्या माझ्या रजेच्या कार्डावर आठ अर्ध्या रजा आहेत, त्यातल्या सहा घरी कोणीतरी हवं म्हणून घेतलेल्या. बारा वाजता घरी यायचं, "दुपारी येतो" म्हणालेल्या माणसाची पाच वाजेपर्यंत वाट पाहायची, आणि सव्वापाचला त्याचा फोन यायचा की आज जमत नाही, उद्या येतो. सिलिंडर मला चार-साडेचार महिने पुरतो. पण तो संपून नवा येतो तेव्हा चौदा किलो गॅस आणि लोखंडाचं वजन धरून तीस किलोंची ती टाकी दारापासून ओट्यापर्यंत मी एकटी तिरपी करून, कडेवर फिरवत फिरवत नेते. कमरेचं दुखणं तिथूनच सुरू झालं.

ऑफिसातही माझा वेळ मोकळा धरला जातो. मार्चअखेरीला रात्री थांबायचं असलं की, दिवाळीच्या पाडव्याला स्टॉक मोजायला यायचं असलं की नजर माझ्याकडे वळते. घरी मुलं वाट पाहत असतात अशांना लवकर सोडावं, हे मलाही पटतं. पण माझ्या घरीही कामं वाट पाहत असतात. दुसऱ्या घरांत ती दोघांत किंवा चौघांत वाटली जातात. माझ्याकडे दूध तापवणं, बिल भरणं, जळमटं काढणं, बँकेत जाणं, बल्ब बदलणं आणि बल्ब बदलताना स्टूल धरणं, सगळं एकाच माणसाच्या वाट्याला येतं. स्टूल धरायला कुणी नसतं म्हणून एक बल्ब मी सहा महिने बदलला नव्हता.

सहलीला जायचं तर जाहिरातीतला दर माणशी असतो, पण बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की खोलीत दोघं धरून. एकटीने खोली हवी तर जास्तीचे पैसे, नाहीतर अनोळखी बाईबरोबर खोली वाटून घ्यायची. मी दोन्ही करून पाहिलं आहे. एका सहलीत वाटून घेतलेल्या खोलीतली सोलापूरची बाई आता माझी जिवाभावाची मैत्रीण आहे, तेव्हा या एका ओळीत जमेच्या बाजूलाही मला काहीतरी लिहावं लागेल.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात पोटाच्या तक्रारीसाठी डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी सांगितली. आदल्या रात्री औषधाची पावडर पाण्यातून प्यायची, रात्रभर बाथरूमच्या खेपा, सकाळी उपाशी पोटी रुग्णालय. गुंगीचं इंजेक्शन देणार, म्हणून सोबत माणूस हवं, त्याशिवाय तपासणी होणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. नियम योग्यच आहे, गुंगीतल्या माणसाला एकटं रस्त्यावर सोडणं बरोबर नाही. भाऊ त्या आठवड्यात बाहेरगावी होता. मैत्रिणींची नावं मनात घेतली आणि एकेक बाजूला ठेवली. कुणाची शाळा, कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली. सबंध दिवस मागावा अशी जागा मला दिसेना. शेवटी एका ब्यूरोतून बाई मागवली. दोन तास हवी होती, पण त्यांच्याकडे बारा तासांच्या खाली पाळी नसते. नऊशे रुपये.

ती बरोबर सातला आली. पन्नाशीची, फिकट निळी साडी, हातात जेवणाचा डबा. मला आत बोलावलं तेव्हा परिचारिकेने सांगितलं, चष्मा, घड्याळ, कानातलं, सगळं काढून नातेवाइकांकडे द्या. मी एकेक काढून तिच्या हातात दिलं. तिने पदर पुढे केला आणि सगळं पदरात घेतलं. कानातल्याची फिरकी खाली पडली तर ती वाकून बाकाखालून शोधून घेऊन आली. पर्स दिली, मोबाइल दिला, घराची किल्ली दिली. चष्मा काढल्यावर मला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. अर्ध्या तासाच्या ओळखीच्या बाईच्या पदरात माझं सगळं होतं. ती म्हणाली, "जा बिनघोर, मी हितंच बसते."

त्याआधी फॉर्मवर तिची सही घेतली होती. नातं असा रकाना होता. तिने मला विचारलं, "ताई, नातं काय लिहू?" मला सुचलं नाही. तिनेच थोडा विचार करून लिहिलं, ओळखीची.

नंतर मी याबद्दल वाचलं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका अविवाहित स्त्रीच्या खटल्यात सांगितलेलं आहे की सज्ञान, विचार करू शकणाऱ्या रुग्णाची स्वतःची संमती लागते. तिच्या आईने तिच्या वतीने दिलेली संमती चालत नाही. कायद्याने माझी सही पुरेशी आहे. पण तो रकाना जात नाही. बँकेत, विम्यात, पासपोर्टच्या अर्जात, सगळीकडे कुणाचं तरी नाव आणि नातं लिहावं लागतं. बँकेच्या खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात. मी भाचा आणि भाची लिहिले. खाली दोन ओळी रिकाम्या राहिल्या.

त्या तपासणीत काही वाईट निघालं नाही. पण घरी आल्यावर मी एक गोष्ट केली. आमच्या इमारतीत माझ्यासारख्या आणखी दोघी आहेत. तळमजल्यावर शहात्तर वर्षांच्या काकू, मुलं पुण्यात. दुसऱ्या मजल्यावर शाळेत शिकवणारी एक मुलगी, बत्तीस-तेहतीसची. मी दोघींकडे गेले आणि संकोच बाजूला ठेवून सगळं सांगितलं. त्या दिवसापासून आम्ही किल्ल्या एकमेकींकडे ठेवल्या. माझ्या दारामागच्या खिळ्याला लाल दोऱ्याची किल्ली त्या मुलीची, हिरव्या दोऱ्याची काकूंची. दुधाची पिशवी दारच्या कडीला अडकवलेली असते. साडेसातपर्यंत ती आत गेली नाही तर बेल वाजवायची, बेल वाजवून दार उघडलं नाही तर किल्ली लावायची, असं ठरलं. नारळ आम्ही तिघींत एक फोडतो. दळणही आता एकत्र जातं, सहा किलोंचं, काकूंच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातून. घरी आणल्यावर काकू ते वाटीने मोजून वाटतात. पोळ्या आता पांढऱ्या होतात.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी ऑफिसला निघाले तर काकूंच्या दाराला पिशवी तशीच होती. पावणेआठ झाले होते. बेल वाजवली, दोनदा. मग तीन जिने वर जाऊन हिरव्या दोऱ्याची किल्ली घेऊन आले. काकू पलंगावर तापाने फणफणल्या होत्या, तांब्या कलंडून पाणी फरशीवर पसरलेलं. मी पाणी पुसलं, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, मुलाला फोन लावला, डॉक्टरांना बोलावलं, तांदळाची पेज करून चमच्याने भरवली. मुलगा येईपर्यंत दोन वाजले.

त्या दिवसाची अर्धी रजा शुक्रवारी भरली. अर्जावर कारण लिहायचं असतं. मी लिहिलं, घरी आजारपण. साहेबांनी काही न विचारता सही केली.